दोन पट्ट्यांच्या फटीतला सूर

यारोमिर कालिना गेला तेव्हा झेलेनी दूल गावाच्या लक्षात आलं, की या माणसाकडे आपण कधी नीट पाहिलंच नव्हतं. ट्युबा वाजवणाऱ्याकडे पाहतो कोण? पितळी कर्ण्याखाली एक लाल नाक आणि फुगलेले दोन गाल, एवढाच माणूस दिसायचा. बाकी सगळं वाद्य. लोक टाळ्या वाजवायचे त्या ट्रम्पेटवाल्यांना. तळ धरून बसणाऱ्याला टाळी मिळत नाही, हा जगाचा नियम चेक सीमेवरच्या डोंगरातल्या त्या गावालाही लागू होता.

बँडातला माणूस मेला की त्याच्या अंत्ययात्रेत त्याचं वाद्य वाजवायचं नाही, ही तिथली रीत. क्लॅरिनेटवाला गेला तर क्लॅरिनेटची जागा मोकळी. आजवर ते खपून गेलं होतं. यारोमिरच्या वेळी मात्र चर्चपासून दफनभूमीपर्यंतचा मार्च बिनतळाचा वाजला. जिना चढायला जावं आणि पहिली पायरीच नसावी, तसं प्रत्येक जण चालताना ठेचाळत होता. यारोमिरची बायको व्लास्ता शवपेटीमागून चालत होती. ती रडली नाही. तिच्या डोक्यात नवऱ्याचे शेवटचे शब्द घोळत होते.

इस्पितळात तो म्हणाला होता, “व्लास्ता, तो परत दे.”

“काय परत देऊ?”

“ट्युबा.”

“कोणाला?”

त्यावर त्याने पाणी मागितलं. पाणी घेऊन ती वळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आयुष्यभर या माणसाने प्रत्येक वाक्य अर्धं ठेवून तिच्यावर सोपवलं, आणि शेवटचंही तसंच सोपवलं.

ट्युबा ओसरीत कोपऱ्यात उभा होता. यारोमिरच्या आधी तो त्याचा बाप मेतोदी वाजवायचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर मोराव्हिया प्रांतातून मेतोदी या घरात राहायला आला. ‘कोणीतरी दिला,’ एवढंच त्याने सांगून ठेवलेलं. सुनेने कधी खोदून विचारलं नाही. खोदायला लागलं तर या गावात कोणाच्याही अंगणात काही ना काही निघालं असतं.

पण आता तो ट्युबा तिला नीट राहू देईना. रोज सकाळी त्याच्याखाली फरशीवर पाण्याचा एक थेंब असायचा. वाजवताना नळ्यांत फुंकरीचं पाणी साचतं आणि ते झाकण दाबून काढावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. पण हा फुंकणारा तर जमिनीखाली होता. तिने नळ्या उलटसुलट करून पाणी पुरतं काढलं, कापडाने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. ओसरी थंड असते, पितळ घाम धरतं, असं तिने स्वतःला समजावलं. मग स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरायला लागला की ट्युबाही आतल्या आत गुणगुणायला लागला. तेही तिने समजावून घेतलं. पोकळ भांडं कशालाही ओ देतं. पण समजावून घेतलेल्या गोष्टींनीसुद्धा मान ताठते. ती ओसरीतून जाताना त्याच्याकडे पाठ करीनाशी झाली.

अशात एके दिवशी बँडचे मास्तर शेदिव्ही दारात आले. शाळेतून निवृत्त झालेला, सडपातळ, मिशांना मेण लावणारा गृहस्थ. हातात घरच्या आलुबुखाराच्या दारूची बाटली. मास्तर रिकाम्या हाताने आले तर विचारपूस असते, बाटली घेऊन आले तर मागणं असतं, हे गावातल्या पोराटोरांना माहीत होतं.

“बसा मास्तर. काय हवंय?”

“असं कसं विचारतेस, व्लास्ता? सहज आलो.”

“मग बाटली परत न्या.”

मास्तर हसले, बसले, आणि मुद्द्यावर आले. चर्चच्या वार्षिक जत्रेला थोडेच दिवस उरले होते. मेजवानीसाठी घरोघर हंस पोसून तयार झाले होते, कोबी आंबायला पडला होता आणि बँडची मात्र दशा झाली होती. यारोमिरच्या जागी जंगलखात्यातला ओताकार आला होता. धिप्पाड माणूस, श्वास बैलासारखा, ट्युबाही त्याचा स्वतःचा, कारखान्यातून नवाकोरा घेतलेला.

“मग अडलं कुठे?”

“तो वाजवायला लागला की एका खोलीत दोन बँड भांडतायत असं वाटतं. आम्ही म्हटलं, तुझा ट्युबा बिघडलाय. तो म्हणाला, तुम्ही सगळे बिघडलायत. मी शाळेतला सूरकाटा आणला.”

“आणि?”

“काटा ओताकारच्या बाजूचा निघाला.”

“मग?”

“मग काय, सगळ्यांचं म्हणणं पडलं की काटा झिजलाय.”

व्लास्ताला नवरा गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. हे गाव वाद्यांच्या कारखान्यावर जगणारं. प्रत्येकाच्या घरी करवत, कानस, डाग द्यायची बत्ती. बँडात सुरात बसत नसेल तर माणूस आपल्या ट्रम्पेटची नळी घरी नेऊन बोटभर कापून आणायचा. यारोमिर कार्यक्रमाआधी एकही झडप न दाबता एक लांब सूर धरायचा, आणि त्या सुरावर सगळे आपापलं वाद्य लावायचे. ट्युबा एवढा मोठा, तो कसा चुकेल? अशी वर्षानुवर्षं कापाकापी झाली. आता सगळा बँड एका मेलेल्या माणसाच्या सुरात बसलेला होता आणि जगात दुसऱ्या कोणाशीही त्यांचं जमत नव्हतं.

“म्हणजे तुम्हाला यारोमिरचाच ट्युबा हवा.”

“जत्रेपुरता. ओताकार वाजवेल. नाहीतर कापलेल्या नळ्या आम्ही आता वाढवायच्या कशा?”

“देते,” व्लास्ता म्हणाली. “पण आधी तो कोणाचा ते मला कळलं पाहिजे. यारोमिरने परत द्यायला सांगितलंय. तुम्ही सगळे कारखान्यात हयात घालवलेली माणसं. त्याची पट्टी कोणती आणि तो घडवला कोणी, एवढं सांगा. घडवणारा कळला की ज्याच्यासाठी घडवला तोही कळेल. तोवर तो या घरातून हलणार नाही.”

रविवारी जेवणानंतर ट्युबा हातगाडीवरून खानावळीत गेला. व्लास्ता सोबत होती. सोडून यायला ती काही खुळी नव्हती. बिअरचे पेले बाजूला सरकवून त्याला टेबलावर निजवला, तेव्हा एखाद्या पुढाऱ्याचं शव दर्शनाला ठेवावं तसं वाटलं. जमलेले सगळे जाणकार. आणि जाणकार म्हटला की त्याचं मत शेजाऱ्यासारखं असून चालत नाही.

“झडपा व्हिएन्नाच्या.”

“डोंबल. व्हिएन्नाच्या झडपा तुझ्या आजीने तरी पाहिल्या होत्या का?”

“कर्णा प्रागचा. गोलाई बघ.”

“गोलाई बायकोची बघ. हा पत्रा हातोडीने ठोकलाय, प्रागला तेव्हा यंत्र आलं होतं.”

घडवणाऱ्याचं नाव असतं ते कर्ण्याच्या पोटावर. तिथे एक साधा चौकोनी पत्रा डाग देऊन बसवलेला होता. पोचा गेला असेल म्हणून ठिगळ लावलं असेल, असं सगळे म्हणाले, आणि ते म्हणताना कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

मग पट्टी. मास्तरांनी घरून अकॉर्डियन आणला होता. ओताकारने ओठ ओले करून, झडपांना हात न लावता फुंकलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. मास्तरांनी काळी पाच दाबली. ट्युबा वर राहिला. पांढरी सात दाबली. ट्युबा खाली राहिला.

“काळी पाचच आहे, जरा चढी.”

“पांढरी सात आहे, दमलेली.”

“तू दमलायस. ओता, पुन्हा फुंक.”

ओताकारने पुन्हा फुंकलं. सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसला, जिथे बोट पोचत नाही. अकॉर्डियनच्या दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या तेव्हा तिन्ही सूर एकमेकांवर घासून असा काही हुंकार उठला, की स्वयंपाकघरातली बाई कणीक मळायची थांबून बाहेर आली.

शेवटी सगळ्यांत म्हाताऱ्याने, ज्याने कारखान्यात आयुष्यभर नळ्या वाकवल्या होत्या, पेला खाली ठेवला. “हा जुना उंच सूर आहे. व्हिएन्नाच्या बादशहाच्या वेळचा, पलटणीच्या बँडचा. नंतर सगळीकडे सूर खाली आला. असं वाद्य आपल्या कोणाकडे नव्हतं.” तो थांबला. “आपल्या आधीच्यांकडे होतं.”

 आपल्या आधीचे म्हणजे जर्मन. युद्ध संपल्यावर त्यांना गाठोडी घेऊन स्टेशनवर उभं केलं गेलं आणि गाडीत बसवून सीमेपार धाडलं. त्यांची घरं, गायी, कपाटं, आणि कपाटातल्या गाद्याउशांसकट सगळं, नव्याने आलेल्यांना वाटून देण्यात आलं. त्याला आता एक अख्खं आयुष्य उलटून गेलं होतं. पण गेल्या वर्षापासून, सरकार बदलून सीमा उघडल्यावर, परक्या नंबरच्या गाड्या गावात यायला लागल्या होत्या. गाडीतून म्हातारे उतरायचे, रस्त्यावर उभे राहून एखाद्या घराकडे बघायचे आणि निघून जायचे. ते काही मागत नसत. म्हणूनच जास्त भीती वाटायची. तेव्हापासून गावात कोणाच्याही घरचं जुनं घड्याळ आजोबांनी मोराव्हियातून खांद्यावर आणलेलं निघायचं. आजोबांचे खांदे मोजले तर त्यांच्यावर अर्धं गाव आलं असतं.

मास्तर हलकेच म्हणाले, “व्लास्ता, काळी पाच म्हण आणि सोडून दे. ठिगळाला ठिगळ राहू दे.”

“यारोमिरने परत द्यायला सांगितलंय, मास्तर.”

“कोणाला देणार? आणि ट्युबा न्यायला येणारा ट्युबाच नेईल, याची खात्री काय? आज वाद्य, उद्या घर.”

हे कोणीतरी बोलणारच होतं. ती ट्युबा घेऊन घरी आली. येताना गाडीचं चाक दगडावर आदळलं की कर्णा हुंकारायचा, आणि दर वेळी तिला वाटायचं, मास्तरांच्या बोलण्याला हा दुजोरा देतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बत्ती पेटवली. कारखान्यात डाग द्यायच्या टेबलावर तिची निम्मी हयात गेली होती. कथील कधी घाम सोडतं आणि कधी वाहतं हे तिला पोळी भाजण्याइतकं सरावाचं होतं. ज्योत फिरवताना लक्षात आलं, की ठिगळाखाली पोचा नाही. चांगल्या, सपाट पितळावर पत्रा बसवलेला होता. आणि डाग घाईत दिलेला, कडेला ओघळलेला. सासऱ्याची ही सवय. त्याने घरातली प्रत्येक बादली अशीच डागली होती.

पत्रा चिमट्याने उचलला. आतली अक्षरं कोरीव, बारीक वेलबुट्टीत. जर्मन तिला जेमतेम वाचता यायचं, पण वाचायला काही अवघड नव्हतं. नाव होतं विन्झेन्झ हाइडलर. खाली गावाचं जुनं जर्मन नाव. आणि गावाच्या नावापुढे घराचा नंबर: एकसष्ट.

बत्ती हातात तशीच सूं सूं करत राहिली.

गावातले रस्ते दोनदा नव्या नावांचे झाले होते, गावाचंही नाव बदललं होतं. पण घरांचे नंबर व्हिएन्नाच्या राणीच्या काळात पडले ते पडले. माणसं हाकलली तरी नंबर दारावरून हलले नाहीत. आपल्याच दारावरचा एकसष्टचा निळा बिल्ला तिने दर जत्रेला स्वतः घासून चमकवला होता.

म्हणजे मेतोदीने ट्युबा कोणाकडून आणलाच नव्हता. तो घरात होता. तो मागच्या शेडमध्ये घडला होता, जिथे आता सशांची खुराडी होती. ती खुराड्यांपाशी गेली. जमिनीत एक मोठा दगड होता, मधोमध खोलगट. ती सशांना त्यात पाणी द्यायची. ठोकठोकीने दगडाला असा खोलगा पडायला किती कर्णे लागत असतील, हा विचार तिच्या डोक्यात आला आणि जाईना. मागे घरात फ्रिज सुरू झाला असावा. तिला गुणगुण ऐकू आली. इतक्या लांब ती ऐकू यायला नको होती.

विचारायचं कोणाला? जर्मनांपैकी गावात मागे राहिलेली एकच बाई होती, हर्मिना ब्रोझकोव्हा. त्या वेळी एका चेक रेल्वेवाल्याशी लग्न केलं म्हणून तिला राहू दिलं होतं. आता विधवा, चर्चमागच्या इमारतीत एका खोलीत राहायची. बँडचा कार्यक्रम असला की ती लिंडनच्या झाडामागे उभी राहायची, बाकावर बसायची नाही. आणि पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत निघून जायची. टोपीत नाणं टाकावं लागू नये म्हणून, असं गाव म्हणायचं. गावाला कोणाच्याही वागण्याचं स्वस्त कारण चटकन सापडतं.

व्लास्ताने खसखशीचे पाव केले, फडक्यात बांधले आणि जिने चढली.

हर्मिनाने दार उघडलं. लहानखुरी, केस घट्ट बांधलेले, नजर मापाची. “अहो कालिनाबाई, फार उशीर केलात. मला वाटलं अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी याल.”

व्लास्ता पावांसकट दारातच उभी राहिली. “तुम्हाला माहीत आहे मी कशाला आले ते?”

“आत या. जिन्यातल्या भिंतींना कान आहेत, आणि त्यांना ऐकूही फार चांगलं येतं.”

कॉफी झाली. व्लास्ताने सगळं सांगितलं. पत्रा, नाव, नंबर. आणि खानावळीतलं पलटणीच्या उंच सुराचंही सांगितलं.

“पलटण?” हर्मिना नाकातून हसली. “विन्झेन्झ हाइडलर माझे बाबा. त्यांचे पाय सपाट होते. पलटणीने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. तो कुठल्या पलटणीचा सूर नाही. त्या ट्युबाला पट्टीच नाही. तो घंटेच्या सुरात आहे.”

“कुठल्या घंटेच्या?”

“आपल्या चर्चला एक बारकी घंटा होती. कोणी गेलं की तेवढीच वाजायची. ती थांबता थांबता बँडने तोच सूर उचलायचा आणि मार्च सुरू करायचा, अशी आमची रीत. मधे फट पडता कामा नये. फट पडली तर मेलेला वाट चुकतो म्हणायचे. पण घंटा कोणत्याच पट्टीत बसायची नाही, म्हणून फट पडायचीच. बाबा रोज संध्याकाळी मनोऱ्याखाली जाऊन उभे राहायचे. नळी कापायची, जोडायची, पुन्हा कापायची. तसा तो घडवला, त्या घंटेच्या खूप खालच्या पोटातला सूर पकडून.” तिने कप फिरवला. “युद्धात घंटा तोफांसाठी वितळवायला नेली. तिचा सूर तेवढा तुमच्या ओसरीत राहिला.”

“आणि तुमचे बाबा?”

“स्टेशनवर नेण्याआधी सगळ्यांना कारखान्याच्या आवारात ठेवलं होतं. तिथेच गेले. जर्मनांनी एकत्र जमायचं नव्हतं, तर अंत्ययात्रा कुठली? दोन माणसं आणि एक हातगाडी. घंटा नाही, बँड नाही. ज्याने आयुष्यभर लोकांना सुरात पोचवलं, तो तसाच गेला.”

खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत गेलं. व्लास्ताने धीर केला. “यारोमिरला हे ठाऊक होतं?”

“त्याच्या बापाने पत्रा डागला तेव्हा तो शेजारी उभा होता, दिवा धरून. लग्नानंतर एकदा माझ्याकडे आला, टोपी हातात. म्हणाला, तुमचा आहे, घ्या. माझा नवरा सरकारी नोकर, पोरं लहान. ट्युबा कुठून आला म्हणून कोणी विचारलं तर काय सांगू? मी म्हटलं, ठेव तू. फक्त मला ऐकव कधी कधी.”

“म्हणजे?”

“कार्यक्रमाआधी तो एक लांब सूर धरायचा ना? झडप न दाबता?”

“तो तर सूर लावायला...”

“तो माझ्यासाठी असायचा. तो झाला की मी घरी यायची. पुढे तुमचा बँड काय वाजवतो त्याच्याशी मला काय करायचंय? मधूनमधून तर फारच वाईट वाजवायचे.”

व्लास्ताने कप खाली ठेवला. एक अख्खं गाव, करवती आणि कानशी घेऊन, वर्षानुवर्षं आपली वाद्यं कापत राहिलं. आणि ज्या सुराला जुळवून घेण्यासाठी कापत राहिलं, तो म्हणजे एका माणसाने झाडामागच्या एका बाईची मागितलेली माफी होती. आणि तिच्या घरात, तिच्या उशीशेजारी झोपून, त्याने यातलं एक अक्षर तिला सांगितलं नव्हतं. तिला आधी राग आला, मग चक्क मत्सर. दुसरी बाई असतीच, तर तिच्याकडून तो काहीतरी घेऊन तरी आला असता; इथे तो नुसता देतच राहिला होता.

“तो तुमचा आहे,” ती म्हणाली. “घेऊन जा. ओताकार आणून देईल.”

“इथे? ठेवू कुठे, डोक्यावर?” हर्मिनाने त्या एवढ्याशा खोलीभर हात फिरवला. “मला तो नको. बाबांना पोचवायचं राहिलंय, तेवढं करा. त्यांना पुरलंय तिथे बँड उभा करा आणि मार्च वाजवा. माझ्या मते तेच परत देणं. जमेल?”

व्लास्ताने मान हलवली. आपण काय कबूल केलंय ते तिला पायऱ्या उतरताना कळलं. उघड्यावर, भर गावात, जर्मनाच्या थडग्यापुढे बँड?

मास्तरांनी ऐकून घेतलं आणि मिशीचं टोक पिळलं. “नाही. लोक काय म्हणतील? आधीच परक्या गाड्या फिरतायत.”

“मग जत्रेला ओताकारच्या नव्या ट्युबावर वाजवा.”

“व्लास्ता!”

“किंवा नळ्या वाढवा. कारखान्यात पितळ पडलंय ढीगभर.”

“ही अडवणूक आहे.”

“आहेच. तुम्ही बाटली घेऊन आला होतात, मी ट्युबा घेऊन आले. थडग्यावर मार्च नाही, तर जत्रेत ट्युबा नाही.”

मास्तरांनी मिशीचं टोक सोडून दिलं. मग म्हणाले, “शनिवारी दुपारी. कोणी विचारलं तर उघड्यावरची तालीम आहे.”

“दफनभूमीत?”

“आवाज घुमत नाही तिथे,” मास्तर गंभीरपणे म्हणाले.

दफनभूमीचा वरचा भाग जर्मनांचा. तिथे खाजकुयलीसारखी झुडपं कमरेएवढी वाढली होती. व्लास्ताने आणि ओताकारने विळ्याने वाट केली. हर्मिनाने दाखवलेल्या जागेवर दगडही नव्हता, नुसता एक गंजका लोखंडी क्रूस, एका बाजूला कललेला. शनिवारी बँडवाले एकेक करून आले, गणवेश न घालता, वाद्यं कोटाखाली झाकून, जणू कोंबड्या चोरायला निघालेत.  ट्रम्पेटवाला पुटपुटला, “माझ्या बापाला हे कळलं असतं तर...” आणि पुढचं त्याने गिळलं, कारण त्याच्या बापाला घर कोणाचं मिळालं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

हर्मिना काळी हॅट घालून क्रूसाच्या उशाला उभी राहिली. ओताकारने कर्णा खांद्याला लावला. ठिगळ निघालेल्या जागी नाव उघडं होतं. बँडवाल्यांनी ते वाचलं, नंबरही वाचला, आणि मग ते व्लास्ताकडे बघेनासे झाले.

मास्तरांनी छडी उचलली.

हर्मिनाने बोट वर केलं. “थांबा. अजून वाजतेय.”

छडी हवेतच राहिली. वारा पडलेला. खालच्या घरांतून हंसांचा कलकलाट येत होता, तोही एकदम थांबला. प्रत्येकाने आधी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग मनोऱ्याकडे. मनोऱ्याच्या खिडकीत काहीच नव्हतं, नुसती काळी पोकळी. हर्मिनाचं बोट वर होतं आणि ते बारीक बारीक हलत होतं, कोणीतरी लांब कुठेतरी दोरी ओढत असावं तसं. क्लॅरिनेटवाल्याने टोपी काढली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग एकेकाने काढली. ट्रम्पेटवाल्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले व्लास्ताला दिसले. ‘तू ऐकलंस का?’ असं तिला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, आणि तिने प्रत्येकाला ‘नाही’ म्हणून सांगितलं. असं सांगताना ती प्रत्येक वेळी काहीतरी दुसरं काम हातात घ्यायची.

बोट हळूहळू खाली आलं.

ओताकार ट्युबात फुंकर घालू लागला. तो सूर जमिनीतून आल्यासारखा आला, रुंद, गार, कुठेही न डगमगता. आणि सगळा बँड, कापलेल्या नळ्यांसकट, आपसूक त्याच्यावर जाऊन बसला. त्या संध्याकाळी खानावळीत ओताकार म्हणाला, “मी सूर शोधला नाही. ओठ टेकवले तेव्हा तो आधीच चालू होता.” एरवी अशा बोलण्यावर त्याला आठवडाभर चिडवलं असतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मार्च संपला. बँडवाले वाद्यं कोटाखाली घेऊन घाईने उतारावरून गेले. मास्तरांनी जाता जाता हर्मिनाला वाकून अभिवादन केलं, शाळेत इन्स्पेक्टरला करायचे तसं. दोघी बायका मागे राहिल्या.

“फिटलं?” व्लास्ताने विचारलं.

“बाबांचं फिटलं. ट्युबा आता बँडचा. वाजवा, फक्त नळ्या लांबवू नका.”

पत्रा उचलला त्या दिवसापासून व्लास्ताच्या मनात दुसराच एक प्रश्न होता. “आणि घर, हर्मिनाबाई?”

हर्मिनाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“घराचं मला विचारू नका. मी राहा म्हटलं तरी तुम्हाला झोप लागायची नाही, आणि जा म्हटलं तरी लागायची नाही. मग मी माझा शब्द कशाला वाया घालवू?”

उतार ओला होता. हर्मिनाने तिचा दंड धरला, आधार घ्यावा तसा, की द्यावा तसा, ते कळत नव्हतं.  फाटकापर्यंत दोघींची पावलं शवपेटीमागून चालावं तशी सावकाश, एकाच वेळी पडत होती, त्या मार्चच्या तालावर. बँड तर केव्हाच थांबला होता.